वारूचा उजवा पाय: रेसमधून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडचं ऑपरेशन आणि नंतरचे सहा महिने

नावं बदललीयेत, घरच्यांना विचारूनच लिहितेय. लिहायचं कारण असं की वारूच्या वेळी आम्हाला मराठीत वाचायला काहीच मिळालं नव्हतं आणि ज्या दोन-तीन गोष्टी आधी माहीत असत्या तर त्याचा त्रास नक्की कमी झाला असता.

पार्श्वभूमी

वारू साडेचार वर्षांचा, काळा, ३१ किलोचा ग्रेहाउंड. रेसमधून रिटायर झालेल्या कुत्र्यांना घरं शोधून द्यायचं काम मी गेली काही वर्षं करतेय आणि वारूला काका-काकूंकडे मीच सोडून आले होते, त्यामुळे या प्रकरणात मी पहिल्या दिवसापासून होते. घरात काका, काकू आणि त्यांची मुलगी. काका-काकू दोघंही नोकरीतून निवृत्त, मुलगी दिवसभर कामावर. घर दोन मजली, खाली गुळगुळीत फरशी.

या कुत्र्यांबद्दल एक समजून घ्यायला हवं. त्यांचं सगळं आयुष्य केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांना ठेवायच्या कोठड्यांत, गेलेलं असतं, जिना म्हणजे काय, काचेचं दार म्हणजे काय, घरातली एखादी खोली आपली असते म्हणजे काय, हे त्यांना रेस सुटल्यावर पहिल्यांदा कळतं. शांत असतात, खूप झोपतात, माणसाच्या हाताखाली वाढलेले असल्याने कुणी पाय धरला, तोंड उघडलं, टेबलावर चढवलं तरी मुकाट उभे राहतात. हे मुकाट उभं राहणं पुढे आम्हाला फार महागात पडलं.

वारूच्या कागदांवर दुखापतीबद्दल एकच ओळ होती, उजवा मागचा पाय, स्प्लिंट (पाय हलू नये म्हणून बांधायची कडक पट्टी), विश्रांती. काकूंच्या मुलीने त्याच्या कानातल्या गोंदणाच्या नंबरवरून रेसचं रेकॉर्ड शोधून काढलं तेव्हा दिसलं की शेवटच्या रेसमध्ये तो वळणावर पडला होता आणि त्यानंतर धावलाच नाही. हे अगदी ठरलेलं दुखणं आहे. बहुतेक ट्रॅकवर कुत्रे घड्याळाच्या उलट दिशेने पळतात, वळणावर अंग डावीकडे झुकतं आणि सगळा जोर बाहेरच्या बाजूच्या उजव्या मागच्या पायावर येतो, आणि त्या पायाच्या घोट्यात, डॉक्टर ज्याला हॉक म्हणतात तिथे, मधोमध एक छोटं हाड असतं ते चिरडलं जातं. त्याला सेंट्रल टार्सल बोन म्हणतात. धावणाऱ्या ग्रेहाउंडमध्ये हे हाड मोडतं ते जवळजवळ नेहमी उजव्या पायाचंच.

अडचण काय होती

पहिले दोन महिने वारू किंचित लंगडायचा, बघणाऱ्याने नीट बघितलं तरच कळेल इतकंच. मी काकूंना सांगितलं की जुनं दुखणं आहे, एवढं राहणारच. तिसऱ्या महिन्यात झोपेतून उठल्यावर पहिली आठ-दहा पावलं तो पाय नुसता टेकवायला लागला, चालून अंग गरम झालं की पुन्हा ठीक. जवळच्या डॉक्टरांनी दोन आठवडे दुखण्याची गोळी दिली, फरक पडला, गोळी थांबली आणि लंगडणं परत आलं.

इथे मी एक चूक केली. काकूंनी फोन करून विचारलं, "पुन्हा दाखवू का गं?" आणि मी म्हणाले, "काकू, अजून दोन आठवडे बघू, खातोय ना, खेळतोय ना." खात होता, खेळत होता, शेपूट हलवत होता. काका पण म्हणाले, "तो काही बोलत नाही, म्हणजे दुखत नसेल." तेच वारू एकदा बागेत अंगठ्याचं नख अडकलं तेव्हा एवढा किंचाळला होता की शेजारचे बाहेर आले. म्हणून आम्ही सगळ्यांनी धरून चाललो की याला दुखलं तर हा सांगतोच. पण ग्रेहाउंडचं असं असतं की नख, काटा, इंजेक्शन अशा अचानकच्या गोष्टीला ते आकाश डोक्यावर घेतात आणि आत रोज हळूहळू दुखणाऱ्या गोष्टीला गप्प बसतात.

शेवटी मुलीने दोन व्हिडिओ पाठवले, एक घरी आला त्या आठवड्यातला आणि एक आत्ताचा, दोन्ही मागून घेतलेले. दोन्ही शेजारी लावून बघितले आणि माझ्या पोटात गोळा आला. उजवी मांडी स्पष्ट बारीक झाली होती. टेप लावून मोजलं तर डावीपेक्षा चार सेंटिमीटर कमी. मांडी एवढी बारीक व्हायला पाय कित्येक आठवडे वाचवला गेलेला असतो, म्हणजे आम्ही "बघू बघू" म्हणत होतो तो सगळा काळ तो तीन पायांवर भागवत होता.

हाडांच्या तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी पायाचे तळवे बोटाने दाबून कुरूप आहे का ते बघितलं, कारण ग्रेहाउंडच्या बोटांच्या गादीत कुरपं फार होतात आणि त्यानेही असंच लंगडायला होतं. मग दोन्ही घोट्यांचे एक्स-रे आणि नंतर सीटी स्कॅन. या जातीत हाडाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे एक्स-रे होईपर्यंत काकू बाहेर बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. कॅन्सर नव्हता. ते मधलं हाड तेव्हा मोडून दबून वाकडंच जुळलं होतं, त्याच्या वरच्या-खालच्या सांध्यांची गादी झिजली होती आणि प्रत्येक पावलाला हाडावर हाड घासत होतं.

कोणते पर्याय होते

डॉक्टरांनी चार रस्ते सांगितले आणि चारही कागदावर लिहून दिले, हे मला फार आवडलं.

पहिला, ऑपरेशन न करता गोळ्या, वजन आटोक्यात, फिजिओ आणि घोट्याला पट्टा, हे आयुष्यभर. वारू साडेचार वर्षांचा, ग्रेहाउंड साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो, म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य गोळीवर. दुसरा, स्क्रू घालून हाड मूळ जागी बसवणं. ताजं फ्रॅक्चर असतं तर हेच केलं असतं आणि त्याचा निकालही चांगला असतो, पण ती वेळ ट्रॅकवरच निघून गेली होती. तिसरा, घोट्यातले खालचे झिजलेले सांधे प्लेट आणि स्क्रू लावून कायमचे जोडून टाकणं. चौथा, पाय काढणं.

पाय काढण्याचं नाव निघताच काका उठून उभे राहिले. पण मी सांगते, तीन पायांचे ग्रेहाउंड मी बघितलेत, मस्त राहतात, कॅन्सरच्या वेळी तोच पर्याय कुत्र्याला वेदनेतून सोडवतो, त्याला घाबरायचं कारण नाही. इथे मात्र वाचवता येणारा पाय होता.

सांधा जोडायचा म्हटल्यावर काकूंचा पहिला प्रश्न, "मग त्याचा घोटा वाकणारच नाही?" त्यावर डॉक्टरांनी वारूच्याच पायावर हात ठेवून दाखवलं. घोट्यात सांध्यांच्या तीन-चार ओळी असतात आणि वाकण्याचं जवळजवळ सगळं काम सगळ्यात वरचा सांधा करतो. तो सांधा चांगला होता आणि त्याला हात लावायचा नव्हता. खालच्या ओळी तशाही फारशा हलत नाहीत, त्या जोडल्या तर चाल बदलत नाही आणि दुखणं मात्र जातं.

खरी चर्चा पायाबद्दल झालीच नाही, घराबद्दल झाली. ३१ किलोचा कुत्रा कोण उचलणार, काकांची पाठ, आठ आठवडे बँडेज, दर काही दिवसांनी ते बदलायला गाडीतून नेणं, मुलगी दिवसभर बाहेर. खर्च विचारताना मी त्यांना नुसता ऑपरेशनचा आकडा घेऊ दिला नाही, बँडेजच्या सगळ्या फेऱ्या, पुन्हा पुन्हा होणारे एक्स-रे, फिजिओ आणि एखादी गुंतागुंत झाली तर, असा मिळून आकडा मागितला. तो घेऊन ते तिघं एक रात्र बसले. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, सांधा जोडायचा, पण दोन आठवड्यांनी, घर तयार करून.

ऑपरेशनच्या आधी

त्या दोन आठवड्यांनी आम्हाला वाचवलं. सगळ्या फरशीवर रबराच्या मॅट टाकल्या, नुसत्या चालायच्या पट्ट्यांवर नाही, दारापर्यंत. जिन्याला फाटक. हॉलच्या कोपऱ्यात दोन मीटर बाय दीड मीटरचं कुंपण आणि त्यात जाड गादी, कारण यांच्या अंगावर चरबी नसते आणि कोपरं-कमरेची हाडं जमिनीला घासून जखमा होतात. वारूला त्या कुंपणात आधीपासूनच दुपारची झोप घ्यायची सवय लावली. केनेलमध्ये वाढलेल्या कुत्र्याला बंद जागा शिक्षा वाटत नाही, उलट तो पहिल्याच दिवशी आत जाऊन पाय ताणून झोपला. जाळीचा मझल, म्हणजे तोंडाला बांधायचं मुसकं, त्याला रेसपासून माहीत होताच, त्यामुळे बँडेज चाटू नये म्हणून गळ्यात मोठी कॉलर घालायची गरजच पडली नाही, मझलला पुढून एक बंद कप लावला की झालं.

रक्ततपासणीचा एक किस्सा सांगायलाच हवा. आधीच्या क्लिनिकच्या रिपोर्टवर थायरॉइड कमी, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन (किडनीसाठी बघतात तो आकडा) जरा जास्त असं लाल शाईत होतं आणि थायरॉइडची गोळी सुरू करा असा सल्ला होता. तज्ज्ञांनी बघून सांगितलं, ग्रेहाउंडसाठी हे सगळं नॉर्मल आहे. त्यांच्यात लाल पेशी जास्त असतात, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी असतात, थायरॉइडचा आकडा खाली असतो आणि अंगभर स्नायू असल्याने क्रिएटिनिन वर असतं. छापील रेंज बाकीच्या कुत्र्यांची असते. ती गोळी सुरू झाली असती तर नसलेल्या आजाराचं औषध चाललं असतं.

भुलीबद्दलही तसंच. थायोपेंटल नावाचं जुनं भुलीचं औषध या जातीला देत नाहीत, कारण चरबी कमी आणि लिव्हर ते औषध फार सावकाश मोडतं, कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. आता बहुतेक ठिकाणी ते वापरातच नाही, तरी मी विचारलं. विचारायला लाज वाटू देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्तस्राव. ग्रेहाउंडचं रक्त गोठतं नीट, ऑपरेशनच्या वेळी काही कळत नाही, पण गोठलेली गाठ शरीर लवकर विरघळवून टाकतं आणि दीड-दोन दिवसांनी अचानक रक्त यायला लागतं. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत यावर काम झालंय, २००८ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नसबंदी केलेल्या ८८ निवृत्त ग्रेहाउंडपैकी २६ टक्क्यांना ३६ ते ४८ तासांनी रक्तस्राव झाला होता. नसबंदीसारख्या साध्या ऑपरेशननंतर हे, तर हाडाच्या ऑपरेशनला काय. घोळ हा की तोपर्यंत कुत्रा घरी आलेला असतो आणि घरच्यांना वाटतं टाके सुटले. आमच्या डॉक्टरांनी आधीच ट्रानेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे ती गाठ लवकर विरघळू न देणारं औषध, पाच दिवस द्यायचं ठरवलं. हॉस्पिटलमध्ये राहायचं किती हा प्रश्न होता, ते म्हणाले एक रात्र पुरे, मी आणि मुलीने तीन रात्री मागितल्या, त्यांनी मान्य केल्या.

ऑपरेशन आणि पहिले चार दिवस

ऑपरेशन साधारण अडीच तास चाललं. झिजलेल्या सांध्यांवरचा कूर्चेचा थर खरवडून काढला, खांद्याजवळच्या हाडातून आतला मऊ गर काढून त्या फटींत भरला म्हणजे हाड लवकर जुळतं, आणि वर प्लेट. पहिली रात्र वाईट गेली, वारू चार तास सलग रडत होता, डोळे उघडे पण ओळख नाही. दुखतंय म्हणून औषध वाढवायच्या आधी रात्रीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि त्यांना वाटलं की हे दुखणं नाही, अफूच्या जातीच्या वेदनाशामकाने आलेली बेचैनी आहे. औषध बदललं, अंगावर पांघरूण घातलं आणि अर्ध्या तासात तो झोपला.

तिसऱ्या दिवशी पहाटे, ऑपरेशनला साधारण ४० तास झाले असतील, बँडेजच्या वरच्या कडेला लाल डाग दिसला आणि बघता बघता मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत कातडी जांभळी झाली. वारू तेव्हा हॉस्पिटलमध्ये होता. बँडेज बदललं, औषध चालूच होतं, दर काही तासांनी हिरड्यांचा रंग आणि रक्त तपासलं, चौथ्या दिवशी सकाळी थांबलं. एका रात्रीत घरी आणला असता तर हे मध्यरात्री काकांच्या हातात झालं असतं. या एका निर्णयाबद्दल मला आजही बरं वाटतं.

घरचे दहा आठवडे

घरी आल्यावर नियम साधे होते. कुंपणात राहायचं, शी-शूला पट्ट्यावरच जायचं, पोटाखालून रुंद पट्ट्याचा आधार, बाहेर जाताना बँडेजवर प्लास्टिक आणि आत येताच काढायचं, नाहीतर आत घाम साठतो.

पहिल्या आठवड्यातच एक प्रसंग घडला. दुपारी वारू डोळे उघडे ठेवून पडला होता, काकांना वाटलं जागा आहे, वाकून बँडेजला हात लावला, आणि वारू गुरगुरत उसळला, दात काकांच्या मनगटाला लागले. रक्त नाही, पण काका हादरले. हे कुत्रे डोळे उघडे ठेवून झोपतात. त्यानंतर नियम झाला की आधी नावाने हाक, मान वळली की मगच जवळ. काका पुढे रोज लांबूनच "वारूबाळ" म्हणायचे आणि कान हलेपर्यंत थांबायचे, परत तसं कधी झालं नाही.

आता मोठी चूक. बँडेजमधून मधल्या दोन बोटांची टोकं मुद्दाम बाहेर ठेवलेली असतात, ती दिवसातून दोनदा बघायची, गरम आहेत का, नखं एकमेकांपासून फाकली तर आत सूज आहे, वास येतो का, बँडेज खाली सरकलंय का. दोन आठवडे काकूंनी हे वहीत लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात सगळं छान चाललंय म्हणून लिहिणं सुटलं. सोमवारी वारूने सकाळचं खाणं अर्धं ठेवलं. मंगळवारी काका म्हणाले, बँडेजपाशी गोडसर वास येतोय. बोटं गरम होती, पाय टेकत होता, रडणं-ओरडणं काही नाही, आणि बँडेज बदलायची तारीख गुरुवार होती, म्हणून सगळे थांबले. मला बुधवारी रात्री सांगितलं.

गुरुवारी बँडेज उघडलं तर घोट्याच्या मागच्या टोकावर, जिथे हाड कातडीला अगदी चिकटून असतं, अंगठ्याच्या नखाएवढी जखम, खोल, कडा पांढऱ्या. स्प्लिंट तिथे टेकत होती. ग्रेहाउंडची कातडी कागदासारखी पातळ असते आणि खाली चरबीची गादी नसते, दुसऱ्या कुत्र्याला जिथे नुसतं लाल झालं असतं तिथे याला भोक पडलं. डॉक्टर जखम धूत होते तेव्हा वारू माझ्या पोटात डोकं खुपसून उभा होता, नुसता थरथरत होता, एक आवाज नाही. काकू म्हणाल्या, "एवढं दुखत होतं तर सांगायचंस ना रे बाळा." मला तिथे उभं राहवेना.

पुढे स्प्लिंट नवीन केली, दोन भागांची, उघडता येणारी, त्या टोकाभोवती मधे भोक असलेली जाड गादी, बँडेज आठवड्याऐवजी दर चार दिवसांनी, अँटिबायोटिक. जखम भरायला पाच आठवडे लागले. वही परत सुरू झाली आणि त्यात खाणं हा रकाना वाढवला, कारण सगळ्यात पहिली खूण तीच होती.

पाचव्या आठवड्यात दाराची बेल वाजली, कुंपणाचं दार नुसतं ओढलेलं होतं, खिटी लावलेली नव्हती, वारू उठला आणि दारापर्यंत पोचलाही. हा कुत्रा काही ढांगांत ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो, हॉलमध्ये त्याला "थांब" म्हणायला वेळच नसतो. मॅट होत्या म्हणून घसरला नाही. दोन दिवस लंगडला, एक्स-रे केला, प्लेट आणि स्क्रू जागेवर होते, तरी डॉक्टरांनी विश्रांती दोन आठवड्यांनी वाढवली.

पुन्हा चालणं

दहाव्या आठवड्याच्या एक्स-रेमध्ये सांध्याची फट हाडाने भरलेली दिसली. स्प्लिंट गेली. काकूंना वाटलं होतं की आता चालेल, पण वारू पाय वर उचलूनच उभा राहिला. इतके महिने न वापरलेला पाय त्याला आपला वाटतच नव्हता.

फिजिओने सांगितलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे हळू चालणं, इतकं हळू की आपल्यालाच अवघड वाटावं. वेगात कुत्रा तीन पायांवर उड्या मारत जातो, हळू चालताना त्याला चौथा पाय टेकवावाच लागतो. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. बाकी कुत्र्यांना बस-ऊठ करायला लावतात, पण ग्रेहाउंडच्या मांड्या अशा की त्यांना बसणं अवघडच जातं, म्हणून त्याऐवजी उभं करून कमरेला हलकेच डावी-उजवीकडे ढकलायचं म्हणजे तो भार सावरतो, आणि जमिनीवर काठ्या ठेवून त्यांच्यावरून पावलं टाकायची. जखम पूर्ण भरल्यावर पाण्यातली ट्रेडमिल. दर रविवारी मांडीचं माप, गुडघ्यापासून ठरावीक अंतरावर, तोच टेप, तीच व्यक्ती. मुलगी ते माप काकूंच्या वहीत लिहायची आणि मागून व्हिडिओ काढायची.

आता कसं आहे

सहा महिने झाले. वारू ४० मिनिटं चालतो, रोजची गोळी नाही, मांडीतला फरक चार सेंटिमीटरवरून दीडवर आलाय. बारकाईने बघितलं तर उजवं पाऊल किंचित बाहेर पडतं. मोकळं धावणं डॉक्टरांनी अजून बंद ठेवलंय आणि सुरू झालं तरी बंदिस्त जागेत, सरळ रेषेत, थोडा वेळच. प्लेट ठेवायची की काढायची हे वर्षाने बघायचंय, थंडीत ती टोचायला लागली तर काढतील.

चौथ्या महिन्यात काकूंनी एक फोटो पाठवला, वारू गादीवर उताणा, चारही पाय हवेत, मान एकीकडे, तोंड उघडं. ग्रेहाउंड निश्चिंत असला की असा झोपतो. घरी आल्यापासून तो असा कधीच झोपला नव्हता, ऑपरेशनच्या आधीही नाही, आणि आम्हाला वाटत होतं की त्याचा स्वभावच तसा आहे.

परत करायचं झालं तर

पहिलं, मी कुठल्याही घराला "जुनं दुखणं आहे" म्हणून कुत्रा देणार नाही. लंगडतोय तर घरी जाण्याआधी दोन्ही घोट्यांचा एक्स-रे. वारूचे तीन महिने मी घालवले, ते तज्ज्ञांकडे गेले असते तरी ऑपरेशन टळलं नसतं कदाचित, पण मांडी एवढी गेली नसती आणि परत यायला एवढा वेळ लागला नसता.

बँडेजच्या बाबतीत तारीख बघत बसायचं नाही. वास आला किंवा खाणं राहिलं, दोनपैकी एक जरी झालं, तर त्याच दिवशी उघडून घ्यायचं, सुट्टी असली तरी. आत काहीच निघालं नाही तर एक बँडेज वाया गेलं एवढंच. आणि स्प्लिंट पहिल्यापासून उघडता येणारी मागायची, डॉक्टरांना सांगायचं की कातडी पातळ आहे, घोट्याच्या टोकाला गादी जास्त द्या. आमचे डॉक्टर चांगलेच होते, त्यांनीही नंतर हेच म्हटलं.

तीन रात्री हॉस्पिटलमध्ये, हे मी दर वेळी मागेन. दोन आठवडे घर तयार करणं, हेही. फक्त कुंपणाला आपोआप लागणारी खिटी आणि बेल बंद.

एका गोष्टीवर माझं आणि काकांचं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं दहा आठवडे वारूला इतकं बांधून ठेवायला नको होतं, थोडं घरात फिरू दिलं असतं तर पाय विसरला नसता. मला वाटतं की त्या बेलच्या दिवसानंतर हा धोका पत्करण्यासारखा नव्हता, पण स्प्लिंट असतानाच रोज पाच मिनिटं पट्ट्यावर अगदी सावकाश चालवायला हरकत नव्हती का, हे आम्ही डॉक्टरांना विचारायलाच विसरलो. पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत विचारेन.

काकूंच्या वहीची मी कोरी प्रत करून घेतलीय, बोटं, नखं, वास, खाणं, मांडी, असे पाच रकाने. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका घरी घोट्याचंच ऑपरेशन ठरलंय, तिथे ती दिली, आणि काकू स्वतः त्या बाईंना फोन करून रोज रात्री विचारतात, आज अर्धं ठेवलं का सगळं खाल्लं.